ऑस्ट्रेलियाला नातवंडांकडे निघालेल्यांसाठीचा दोन दिवसांचा वर्ग: साडेपाच महिन्यांनंतरचे परीक्षण

परदेशी मुलांकडे मुक्कामाला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी कर्वे रस्त्यालगतच्या एका छोट्या सभागृहात दोन दिवसांचा मार्गदर्शन वर्ग भरतो. मे २०२५ मध्ये त्या वर्गाच्या ऑस्ट्रेलियाविषयीच्या तुकडीत मी आणि माझे यजमान बसलो होतो. शुल्क माणशी ३,००० रुपये होते. त्यात एक छापील पुस्तिका, दोन वेळचा चहा आणि दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी अंतर्भूत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात अभिप्रायाचे पत्रक देण्यात आले, ते मी कोरेच परत केले, कारण पोहणे शिकवणाऱ्याविषयीचे मत पाण्यात उतरण्याआधी देणे मला प्रशस्त वाटेना. त्यानंतर जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत मेलबर्नच्या पॉइंट कुक या उपनगरात राहून आणि लेकीचे बाळंतपण करून आम्ही परत आलो. ते पत्रक मी आता भरते आहे. वर्गाचे नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार माणसांविषयी नसून आखणीविषयी आहे. शिकवणारे गृहस्थ कळकळीचे होते आणि वेळेचे तर इतके पक्के होते की उशिरा येणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी मागच्या दाराने बसवले.

पहिला दिवस कागदपत्रे, सामान आणि विमानतळ यांना दिलेला होता, आणि तो उत्तम होता, हे आधीच सांगून टाकते. मुलांकडे जाणारे बहुतेक आईवडील ज्या पर्यटक व्हिसावर जातात, तो उपवर्ग ६०० चा व्हिसा पारपत्रावर चिकटवून मिळत नाही, ईमेलने एक पत्र येते, आणि ते पत्र आपण शेवटपर्यंत वाचत नाही, हे त्यांनी पहिल्याच दहा मिनिटांत सिद्ध केले. सभागृहातल्या ज्यांच्याजवळ पत्र होते त्यांना त्यांनी विचारले की तुमच्या व्हिसावर कोणत्या अटी आहेत. एकालाही सांगता आले नाही. ८१०१ ही अट म्हणजे काम करण्यास मनाई, आणि ८५०३ ही अट असेल तर मुक्काम वाढवण्यासाठी तिथे बसून दुसऱ्या व्हिसाचा अर्ज साधारणपणे करता येत नाही. आमच्या दोघांच्या पत्रांवर या दोन्ही अटी होत्या. नातवंडे सांभाळणे म्हणजे काम नव्हे, परंतु शेजारच्या मराठी कुटुंबाचे मूल पैसे घेऊन सांभाळणे किंवा हौसेने डबे करून विकणे हे मात्र काम ठरते, हा खुलासा त्यांनी केला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंचा चेहरा उतरला. पुरणपोळ्यांचा काही बेत असावा. व्हिसाची मुदत आणि प्रत्येक खेपेला राहता येण्याची मुदत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही गल्लतही त्यांनी दूर केली. व्हिसा तीन वर्षांचा असला तरी एका खेपेला राहण्याची परवानगी तीन, सहा किंवा बारा महिन्यांची असू शकते, आणि आपली नेमकी किती हे सरकारच्या ‘व्हीवो’ या सेवेवर स्वतः पाहता येते.

खरी करमणूक आणि खरे शिक्षण झाले ते बॅगेच्या तासाला. टेबलावर एक उघडी बॅग होती आणि बाजूला आपल्या घरात सापडतील अशा तीसेक वस्तू मांडलेल्या होत्या. एकेकाने पुढे यायचे, एक वस्तू उचलायची आणि ती घरी ठेवायची, जाहीर करून न्यायची की निर्धास्त न्यायची हे सांगायचे. पहिलीच वस्तू पेढ्यांचा खोका होती. एकही मत विरोधात गेले नाही. पेढे न नेता बारशाला जायचे कसे? गृहस्थांनी खोका उचलून सरळ टेबलाखाली ठेवला. भारतात गुराढोरांमध्ये लाळ्या-खुरकूत आढळतो, ऑस्ट्रेलियात तो नाही, आणि त्याचा विषाणू दुधाच्या पदार्थांतून जाऊ शकतो. म्हणून पेढे, बर्फी, रसगुल्ले यांना तिथे प्रवेश नाही. कारण समजले की नियमाचा राग येत नाही, हे मी त्या दिवशी स्वतःवरून अनुभवले. कडधान्यांचे कारण तर आपल्या आजीच्याही परिचयाचे निघाले. धान्याच्या कोठीत होणारा खापरा भुंगेरा हा ऑस्ट्रेलियाचा धान्यसाठ्यातील क्रमांक एकचा शत्रू मानला जातो, आणि त्याच्या भीतीने तांदूळ, गहू, डाळी, जिरे, अख्खे धणे, सुक्या मिरच्या असे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून आणण्यास २०२० च्या अखेरीपासून मनाई आहे. यजमानांनी मामेभावाकडून आंबेमोहोर मागवून ठेवला होता. तो आमच्या शेजाऱ्यांनी खाल्ला.

ताजा कढीपत्ता, ओला नारळ, फळे, गोमूत्र या गोष्टी टेबलाखाली गेल्या. रुद्राक्षाची माळ, लाकडी पोळपाट-लाटणे, सीलबंद मसाले, बाकरवडी या वस्तू ‘जाहीर करा’ या रकान्यात गेल्या. सगळ्यात अनपेक्षित वस्तू होती ती मातीने माखलेले बूट. मातीतून रोग आणि बिया जातात, म्हणून तिथे उतरताना भरायच्या प्रवेशपत्रावर मातीविषयी आणि गेल्या ३० दिवसांतील शेतीभागातील वावराविषयी प्रश्न असतात. सिंहगडावर घातलेले बूट असतील तर तळ ब्रशने घासून, वाळवून मगच बॅगेत ठेवा, असे त्यांनी बजावले. आणि एक वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले होते, ते मी शब्दशः उतरवून घेतले: ‘शंका आली की होय लिहा.’ जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूला हजारो डॉलरांचा दंड होऊ शकतो आणि काही प्रसंगी व्हिसाही रद्द होतो.

या एका तासाने आमचे शुल्क वसूल झाले, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. मेलबर्नच्या विमानतळावर आम्ही प्रवेशपत्रावर अन्नाच्या प्रश्नापुढे ‘होय’ अशी खूण केली, वस्तूंची इंग्रजीत लिहून नेलेली यादी पुढे केली, आणि तेथील तरुण अधिकारी बाईंनी दोन पिशव्या उघडून, बाकरवडी आणि दुकानातून घेतलेले मेतकूट यांची लेबले वाचून, दहा मिनिटांत आम्हांला सोडले. घरी केलेल्या, लेबल नसलेल्या वस्तू मात्र त्यांनी फार वेळ निरखल्या. डिंकाचे लाडू आम्ही पुण्यातच ठेवून गेलो होतो याचे त्या क्षणी समाधान वाटले. शेजारच्या टेबलावर एका काकूंच्या बॅगेतून न जाहीर केलेला कढीपत्ता निघत होता. आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने डोळे मिटून घेतले होते.

औषधांच्या बाबतीत मात्र वर्गाने नियम सांगितला आणि आयुष्य सांगायचे राहिले. डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात, स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधे नेता येतात, हे बरोबर आहे. पण त्या सभागृहातले बहुतेक लोक पाच-सहा महिन्यांसाठी निघाले होते. उरलेल्या महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोठून आणायच्या, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ‘तिथे सगळे मिळते’ असे उत्तर आले. मिळते, हे खरे. पण तिथल्या डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय मिळत नाही, आणि भारतीय पाहुण्यांना तेथील मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना लागू नाही. ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर करार आहे, भारताशी नाही. आम्हांला सप्टेंबरमध्ये केवळ जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून घेण्यासाठी ९० डॉलर मोजावे लागले. त्या वेळी पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांची व्यापारी नावे न लिहिता मूळ औषधाची नावे आणि मात्रा लिहून दिली असती, तर अर्धा तास वाचला असता, कारण आपल्याकडची नावे तिथे कोणालाच ठाऊक नसतात. हे एक वाक्य पुस्तिकेत घालायला काय हरकत होती?

विम्याच्या तासाविषयी मला थोडे स्पष्ट लिहावे लागेल. तो तास माहितीचा नव्हता, विक्रीचा होता. एका प्रतिनिधीने येऊन एकाच कंपनीची योजना समजावली, अर्ज वाटले आणि ‘आजच भरल्यास सवलत’ असेही सांगितले. शुल्क घेऊन चालवलेल्या वर्गात असे करणे अनुचित आहे. ज्या दोन गोष्टी कळायला हव्या होत्या, त्या राहूनच गेल्या. पहिली, आधीपासूनच्या आजारांबाबत योजनेत नेमके काय लिहिले आहे हे पाहणे. आणि दुसरी, मेलबर्न ज्यात येते त्या व्हिक्टोरिया राज्यात रुग्णवाहिका फुकट नसते, तिचे बिल हजार डॉलरांहून अधिक होऊ शकते, त्यामुळे घेतलेल्या विम्यात रुग्णवाहिकेचा खर्च आहे की नाही हे तपासणे. जीवावर बेतले असेल तर ००० फिरवायचे, हे पुस्तिकेत होते. पण रात्री अपरात्री ताप किंवा उलट्या झाल्यावर दवाखान्यात जावे की सकाळपर्यंत थांबावे, हे परिचारिकेला फोनवरून विचारण्याची व्हिक्टोरियात सोय आहे, तिचा क्रमांक १३०० ६० ६० २४ आहे. इंग्रजीत अडखळणाऱ्यांसाठी १३१ ४५० या क्रमांकावर सरकारी दुभाषी सेवा आहे. हे दोन क्रमांक मला लेकीच्या शेजारणीने सांगितले. ते मी शीतकपाटावर चिकटवून ठेवले होते.

दुसरा दिवस ‘तिथे वावरताना’ या नावाचा होता, आणि वर्गाची वीण इथे उसवली. मार्गदर्शक गृहस्थ बरीच वर्षे सिडनीत राहिलेले, आणि त्यांच्या लेखी ऑस्ट्रेलिया म्हणजे सिडनी. बस-गाडीत कार्ड वेगळे घ्यावे लागत नाही, बँकेचे कार्ड यंत्राला लावले की झाले, असे त्यांनी ठामपणे सांगितले. ते सिडनीत खरे आहे. मेलबर्नला आम्ही होतो तोपर्यंत तरी ‘मायकी’ हे स्वतंत्र कार्ड विकत घेऊन त्यात पैसे भरावे लागत होते. आणि पहिल्याच दिवशी विल्यम्स लँडिंगला जाणाऱ्या बसमध्ये मी बँकेचे कार्ड तीनदा लावून चालकाचा आणि मागच्या पाच शाळकरी मुलांचा वेळ घेतला. चालकाने हसून ‘नो वरीज’ म्हणत आत जाऊ दिले. आगगाडीतून उतरताना मायकी पुन्हा लावायचे असते, शहरातल्या ट्राममधून उतरताना लावायची गरज नसते, आणि मध्यवर्ती मेलबर्नमधील ठरावीक पट्ट्यात ट्राम २०१५ पासून सर्वांनाच मोफत आहे, तिथे कार्ड लावायचेच नाही; अन्यथा मोफत प्रवासाचेही पैसे कापले जातात. ज्येष्ठांना सवलत आहे असे वर्गात ऐकून आम्ही आधारकार्डासकट तयारीने गेलो होतो. ती सवलत तेथील रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही.

देश एवढा मोठा की घड्याळदेखील एक नाही, हेही सांगायला हवे होते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, टास्मानिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया येथे घड्याळे एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. क्वीन्सलँड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया तसे करीत नाहीत. त्यामुळे पुणे आणि मेलबर्न यांच्यातले साडेचार तासांचे अंतर ऑक्टोबरमध्ये साडेपाच तासांचे झाले आणि आमच्या सोसायटीच्या भिशीच्या फोनला मी एक तास आधीच हजर झाले.

भ्रमणध्वनीचा विषय त्यांनी ‘विमानतळावर सिम घ्या’ एवढ्यावर आटोपला. यजमानांचा फोन बुधवार पेठेतून सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला, चांगला चालता होता. तेथील सिम घातल्यावर दोन दिवसांत बंद पडला. टेलस्ट्रा आणि ऑप्टस या तेथील फोन कंपन्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्री-जी जाळे बंद केले, आणि ज्या फोनवरून नव्या जाळ्यावर ००० हा आपत्कालीन क्रमांक लागू शकत नाही, तो फोन चालू ठेवण्यास तेथील कंपन्यांना मनाई आहे. परदेशातून आणलेल्या काही फोनांची यात गठडी वळते. जाण्यापूर्वी आपला फोन त्या जाळ्यावर चालतो का, हे मुलांकडून तपासून घेतले तर ऐन वेळी नवा फोन घेण्याचा भुर्दंड पडत नाही. भारतातले सिम मात्र टाकून देऊ नये. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, म्हणून रोमिंग सुरू ठेवणे आवश्यक आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि आपण त्या वेळी मेलबर्नला असलो तर तेथील भारतीय वाणिज्य दूतावासात त्याची सोय आहे. निवृत्त मंडळींनीच भरलेल्या सभागृहात हा विषय दोन दिवसांत एकदाही निघाला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

परंतु सर्वांत मोठी उणीव घराच्या आत आहे. पर्यटक हॉटेलात राहतो, विद्यार्थी खोली घेऊन राहतो; आपण लेकीच्या घरात राहतो, आणि दिवसाचे वीस तास त्या घरातच असतो. त्या घराविषयी पुस्तिकेत एक ओळ नव्हती. पहिल्या सकाळी मी पोह्यांसाठी मोहरी-हिंगाची खमंग फोडणी केली आणि छतावरचे धुराचे यंत्र असे काही कोकलू लागले की लेक अंथरुणातून धावत आली. प्रत्येक घरात अशी यंत्रे कायद्याने असावी लागतात आणि ती काढून ठेवायची नसतात. शेगडीवरचा पंखा आधी लावून, खिडकी उघडून, मंद आचेवर फोडणी करायची सवय मला आठवडाभराने लागली. स्वयंपाकघरात मोरी नाही, त्यामुळे फरशीवर पाणी ओतून धुणे हा विचारच सोडावा लागतो. शौचालयात पाण्याची फवारणी नसते. एक तांब्या किंवा टमरेल बॅगेत टाकावे, एवढे लिहून मी विषय संपवते. नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असते. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त प्लगच्या पट्ट्या तिरप्या असतात, म्हणून साधा जोड घेतला की आपला मिक्सर तिथे व्यवस्थित चालतो. वर्गाने मात्र ‘विजेची उपकरणे नेऊ नका’ असे सांगून माझे चटणीचे भांडे पुण्यात अडकवले.

आणि थंडी! जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा असतो हे आम्हांला माहीत होते, पण जुलैतली मेलबर्नची दुपार म्हणजे आपली जानेवारीतली पहाट, कमाल तापमान १४ अंशांच्या आसपास, आणि कित्येक घरे बाहेरच्यापेक्षा आत गार वाटतात, कारण भिंती पातळ आणि ऊब धरून ठेवणारी बांधणी कमी. वर्गात ‘एखादा स्वेटर’ असे सांगितले होते. आम्ही दोघे पहिले चार दिवस जावयाच्या जुन्या कोटांत वावरलो.

कचऱ्याविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण यजमानांना तिथे सर्वाधिक आनंद त्यातच मिळाला. ओला आणि सुका एवढ्यावर आपली विद्या संपते. तिथे झाकणांच्या रंगांवरून डबे ओळखायचे असतात. व्हिक्टोरियात साधारणपणे लाल झाकण उरल्यासुरल्या कचऱ्याचे, पिवळे पुनर्वापराच्या वस्तूंचे, हिरवे बागेतल्या आणि अन्नाच्या कचऱ्याचे आणि जांभळे काचेचे, असा संकेत आहे, पण कोणत्या भागात कोणते डबे आहेत हे तेथील नगरपरिषदेवर अवलंबून असते. ठरलेल्या दिवशी डबा रस्त्याकडेला ठेवायचा, चाके घराकडे आणि झाकणाची उघडणारी बाजू रस्त्याकडे, कारण गाडीचा लोखंडी हात तो उचलतो. आमचा डबा पहिल्या खेपेला उलटा ठेवलेला होता. घंटागाडीमागे धावण्याची सवय असलेल्या माणसाला हे फार सुखाचे वाटते. शिवाय १ नोव्हेंबर २०२३ पासून त्या राज्यात पेयांच्या ठरावीक बाटल्या आणि डबे परत केल्यास प्रत्येकी १० सेंट मिळतात. यजमान रोज सायंकाळी पिशवी घेऊन निघत आणि आठवड्याच्या शेवटी यंत्रासमोर उभे राहून एकेक बाटली आत सारत. रद्दीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, एवढीच त्यांची खंत.

बाळंतपणासाठी जाणाऱ्यांची संख्या त्या वर्गात निम्म्याहून अधिक होती, आणि तरीही तान्ह्या बाळाविषयी काहीच सांगितले गेले नाही. बाळाजवळ राहणाऱ्या मोठ्या माणसांनी डांग्या खोकल्याची लस गेल्या दहा वर्षांत घेतलेली असावी, आणि नसल्यास बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी, असा तिथल्या डॉक्टरांचा आग्रह असतो. आम्हांला हे तिथे पोहोचल्यावर कळले. पुण्यातच घेऊन गेलो असतो तर धावपळ टळली असती. मोटारीत बाळाला मांडीवर घेऊन बसणे बेकायदा आहे. सहा महिन्यांपर्यंत त्याला मागे तोंड असलेल्या, पक्क्या बांधलेल्या आसनातच ठेवावे लागते, मग ते कितीही रडो. इस्पितळातून घरी येताना ते चाळीस मिनिटे रडले आणि मी शेजारी हात बांधून बसले होते. घरी येणारी सरकारी परिचारिका बाळाला पाठीवरच, स्वतंत्र पाळण्यात, मऊ गाद्या-दुपट्यांशिवाय झोपवण्याविषयी ठाम होती. तेल लावण्याला तिची हरकत नव्हती, आणि तेवढ्यावर आमचा समेट झाला.

या सगळ्याऐवजी दुसऱ्या दिवशीचा पाऊण तास साप, कोळी आणि शार्क यांच्यावर खर्च झाला. साडेपाच महिन्यांत मला त्यांतले काहीही दिसले नाही. मला चोच मारली ती मॅगपाय नावाच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याने. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास घरट्यात पिल्ले असताना नर मॅगपाय सकाळी फिरायला जाणाऱ्यांवर मागून झडप घालतो. मोठी टोपी किंवा छत्री घेऊन, त्याच्याकडे तोंड ठेवून, न धावता बाजूला व्हायचे, हे मला एका टपालवाल्याने शिकवले. दम्याचा किंवा परागकणांचा त्रास असणाऱ्यांनी मेलबर्नच्या वसंताला अधिक भ्यावे. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथे वादळासोबत गवताचे परागकण फुटून पसरले, हजारो लोकांना एकाच संध्याकाळी धाप लागली आणि १० जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात सरकार अशा वादळांचे अंदाज देते. यजमानांना जुना दमा आहे. हे आधी कळले असते तर पंप शोधण्यासाठी अर्धी बॅग उपसावी लागली नसती. उन्हाविषयी मात्र त्यांनी नीट सांगितले होते: अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असेल तर हवा गार असली तरी टोपी घालायची आणि उन्हाचे मलम लावायचे.

खरेदीचा भाग चांगला होता. कोल्स आणि वूलवर्थ्स या तेथील मोठ्या किराणा दुकानांत किमतीखाली बारीक अक्षरांत दर १०० ग्रॅमचा भाव असतो, तोच पाहायचा. आपली कापडी पिशवी न्यायची. एक-दोन सेंटची नाणी १९९२ मध्ये बंद झाल्यामुळे रोखीचे बिल पाच सेंटांच्या पटीत होते. बक्षिशी द्यायची गरज नसते. परतीच्या ६० दिवसांच्या आत एकाच दुकानदाराकडून ३०० डॉलर किंवा अधिक रकमेची खरेदी केली तर बरोबर नेत असलेल्या वस्तूंवरचा कर विमानतळावर परत मिळतो, हे त्यांनी सांगितले आणि आम्ही लोकरीच्या कोटांवर तो घेतलादेखील. ते कोट आता पुण्यात कपाटात आहेत.

दिवस कसा काढायचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि कोणी सांगितलेही नाही. मुले कामावर, बाळ झोपलेले, रस्त्यावर माणूस नाही, अशा दुपारी पहिले तीन आठवडे मला फार जड गेले. मग उपनगरातले सार्वजनिक वाचनालय सापडले. तिथे आत बसून वाचायला कोणालाही मज्जाव नसतो, हिंदी पुस्तकेही असतात, आणि इंग्रजी बोलण्याचा सराव करू इच्छिणाऱ्यांचा एक गट दर आठवड्याला जमतो. शहरातल्या व्हिक्टोरिया राज्य ग्रंथालयाच्या घुमटाखालच्या वाचनकक्षातही मी दोनदा जाऊन बसले. १९१३ साली बांधलेली ती जागा फुकट आहे, उबदार आहे आणि तिथे दुपारभर एकट्या बसलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही.

गुण द्यायचेच झाले तर पहिल्या दिवसाला मी दहापैकी नऊ देईन, विम्याचा तास वगळून. दुसऱ्या दिवसाला तीन, त्यांतला एक खिचडीसाठी. मार्च महिन्यात माझी नणंद ब्रिस्बेनला लेकाकडे निघाली आहे. तिथे घड्याळ बदलत नाही आणि बस-गाडीचे भाडे ऑगस्ट २०२४ पासून अवघे ५० सेंट आहे, एवढे मीच तिला सांगून ठेवले. तिच्यासाठी मी वर्गाला फोन करून विचारले की केवळ पहिल्या दिवसाचे शुल्क भरता येईल का. उत्तर असे मिळाले की शुल्क दोन्ही दिवसांचे भरावे लागेल. दुसऱ्या दिवशी नाही आल्या तरी चालेल.